सरकारी पैसा, मोफत पास आणि रिकामी खुर्ची



मी दिल्लीहून बोलतोय. नेमकं सांगायचं तर नोएडाहून. पण महाराष्ट्रातल्या नातेवाइकांच्या लेखी आम्ही सगळे दिल्लीवालेच, मग घर गुडगावला असो, गाझियाबादला असो की फरीदाबादला. बावीस वर्षं इथे आहे. पोटापाण्याचा धंदा हिशेब तपासण्याचा आणि नाद नाटकाचा. त्यामुळे नाट्यगृहात शिरलो की माझी नजर आधी रंगमंचाकडे जात नाही, खुर्च्यांकडे जाते. भरल्या किती, रिकाम्या किती, आणि यांचे पैसे कोणी भरले?

आजचा विषय तोच आहे. सरकार नाटकाला, संगीताला, नृत्याला पैसे देतं. आपल्या करातून देतं. त्याने बघणारे वाढतात का?

या विषयावर दोन टोकांची मतं लगेच ऐकू येतात. एकजण म्हणतो, सरकारने कलेला पोसलंच पाहिजे. दुसरा म्हणतो, चालत असेल ते नाटक चालेल, नसेल ते पडेल, सरकारचा काय संबंध? माझं म्हणणं या दोन्हींपेक्षा थोडं वेगळं आहे. पैसा द्यावा की नाही, यापेक्षा तो नाटकाच्या कोणत्या टोकाला दिला जातो, यावर खुर्ची भरते की रिकामी राहते हे ठरतं.

आधी आकडा बघू, म्हणजे गैरसमज नको. २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संस्कृती मंत्रालयाला साधारण ३,३६१ कोटी रुपये दिले आहेत. ऐकायला मोठी रक्कम वाटते. पण पूर्ण अर्थसंकल्प ५० लाख ६५ हजार कोटींचा आहे. म्हणजे सरकारने शंभर रुपये खर्च केले, तर त्यातले सात पैसेसुद्धा संस्कृतीच्या वाट्याला येत नाहीत. त्या सात पैशांतूनही एक तृतीयांशाहून जास्त वाटा पुरातत्त्व खात्याकडे, म्हणजे किल्ले, लेणी, मकबरे सांभाळायला जातो. उरलेल्यात ग्रंथालयं आहेत, संग्रहालयं आहेत, अकादम्या आहेत, आणि मग कुठेतरी नाटक आहे. सरकार कलावंतांवर पैसे उधळतंय, असं कोणी म्हणालं तर त्याला हा हिशेब दाखवा. पण थोडे पैसे आहेत म्हणूनच ते कुठे जातात हे जास्त बारकाईने बघायला हवं.

आपल्या मराठी रंगभूमीचा जन्मच या प्रश्नातून झाला आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं. त्या ५ नोव्हेंबरलाच आपण रंगभूमी दिन साजरा करतो. त्या नाटकामागे सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन होते. इच्छा त्यांची, आश्रय त्यांचा, आणि पहिला प्रेक्षकही त्यांचाच दरबार. आजच्या भाषेत ते शंभर टक्के सरकारी अनुदान. १८५१ साली चिंतामणराव गेले आणि तो आश्रय संपला. भाव्यांपुढे दोनच रस्ते होते, मंडळी मोडायची किंवा लोकांकडे जायचं. ते लोकांकडे गेले. १८५३ साली मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात त्यांनी तिकीट लावून खेळ केले.

या गोष्टीचा सोपा अर्थ काही लोक काढतात, की आश्रय सुटला म्हणून रंगभूमी मोठी झाली. मला तो अर्धाच पटतो. राजाचा आश्रय नसता तर ‘सीतास्वयंवर’ उभंच राहिलं नसतं. कोणता सावकार त्या काळी नाटकाला पैसे देणार होता? सुरुवात राजाच्या पैशाने झाली, आणि पुढचा प्रवास प्रेक्षकाच्या पैशाने. दोन्ही खरं आहे.

आता दिल्लीला या. स्वातंत्र्यानंतर राजाची जागा सरकारने घेतली. संगीत नाटक अकादमीचं उद्घाटन २८ जानेवारी १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते झालं. अकादमीने १९५९ साली राष्ट्रीय नाट्य विद्यालय काढलं. १९६२ पासून १९७७ पर्यंत त्याचे संचालक होते इब्राहिम अल्काझी. आपल्या पुण्यात जन्मलेला आणि वाढलेला हा माणूस. १९६३ साली त्यांनी फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या भिंतींत ‘अंधा युग’ केलं. पुढे पुराना किल्ल्यात ‘तुघलक’ केलं. विद्यालयाची स्वतःची रिपर्टरी, म्हणजे पगारी नटांची कायमची मंडळी, १९६४ साली सुरू झाली. १९९९ पासून भारत रंग महोत्सव सुरू आहे. २०१३ ते २०१८ या काळात विद्यालयाचे संचालक आपले बीडचे वामन केंद्रे होते. २०१८ साली त्यांच्याच काळात थिएटर ऑलिम्पिक्स भारतात झालं आणि सतरा शहरांत साडेचारशेच्या आसपास प्रयोग झाले.

यातलं काहीही तिकीट खिडकीच्या जोरावर झालं नसतं. कोणताही निर्माता किल्ल्याच्या भग्नावशेषांत पैसे गुंतवत नाही. तेव्हा सरकारी पैशाने काहीच साधलं नाही असं म्हणणारा दिल्लीत राहून डोळे मिटून बसला आहे. नट घडले, दिग्दर्शक घडले, एका भाषेतलं नाटक दुसऱ्या भाषेत गेलं. आपले तेंडुलकर हिंदी प्रेक्षकाला परके वाटत नाहीत, त्यामागे दिल्लीतल्या या वातावरणाचाही वाटा आहे.

पण आपला प्रश्न प्रेक्षकाचा आहे.

मंडी हाउसच्या चौकात उभे राहा. कमानी सभागृह, श्रीराम सेंटर, एलटीजी, रवींद्र भवन, राष्ट्रीय नाट्य विद्यालय, सगळं दहा मिनिटांच्या चालीत. खाली मेट्रोचं स्टेशन. एवढी नाट्यगृहं एवढ्या जवळजवळ देशात फार थोड्या ठिकाणी असतील. हिवाळ्यात तर रोज संध्याकाळी कुठे ना कुठे काहीतरी असतं आणि त्यातलं बरंच मोफत असतं. तरीही कित्येकदा मागच्या दहा रांगा मोकळ्या असतात. पुढच्या दोन रांगा पण मोकळ्या असतात, त्याचं कारण वेगळं. त्यांच्यावर ‘आरक्षित’ अशी चिठ्ठी असते, आणि ज्यांच्यासाठी आरक्षित, ते साहेब दीपप्रज्वलन करून निघून गेलेले असतात.

असं का होतं? हिशेबनीस म्हणून सांगतो. अनुदानाची रचना बघा. केंद्र सरकारच्या योजनेत नाट्यसंस्थेतल्या गुरूला महिना पंधरा हजार आणि शिष्यांना त्याहून कमी मानधन मिळतं. दुसऱ्या योजनेत एखाद्या कार्यक्रमासाठी किंवा निर्मितीसाठी ठरावीक रक्कम मिळते. पैसा खर्च झाला की उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं, सनदी लेखापालाची सही घ्यायची, बिलं लावायची, फोटो आणि कात्रणं जोडायची. यात गैर काही नाही, सरकारी पैशाला हिशेब हवाच. पण त्या कागदांत एक प्रश्न जवळपास नसतोच. नाटक बघायला किती माणसं स्वतःहून आली? पडदा उघडण्याच्या आधीच नाटकाचा हिशेब पूर्ण झालेला असतो. प्रेक्षक आला काय न आला काय, जमाखर्च जुळतो.

ज्याची कोणाला गरज नाही, त्याला कोण बोलवायला जाणार? संस्थेचा माणूस वाईट नसतो हो. त्याच्याकडे चार दिवस असतात आणि दहा कामं असतात. त्यातलं कोणतं काम राहिलं तर पैसे अडकतील, हे त्याला बरोबर कळतं. जाहिरात राहिली, कॉलेजात जाऊन सांगणं राहिलं, तर काही अडकत नाही. म्हणून ते राहतं.

मग कोणी म्हणेल, मोफत ठेवल्यामुळेच किंमत राहत नाही. तिकीट लावा, सगळं सुधारेल. इतकं सोपं असतं तर किती बरं झालं असतं. दिल्लीतच याच्या उलट उदाहरण आहे. रामलीला. लाल किल्ल्यासमोरच्या मैदानात आणि शहरभरच्या मैदानांत नवरात्रात रामलीला होते, मोफत, आणि माणूस मावत नाही. त्याच दिवसांत मंडी हाउसजवळ श्रीराम भारतीय कला केंद्राची नृत्यनाट्य रूपातली रामलीला असते. ती १९५७ पासून चालू आहे आणि तिला तिकीट असतं. तिथेही लोक येतात, पोराबाळांना घेऊन येतात. कथा तीच, शहर तेच, दिवस तेच. एक फुकट, एक विकत, आणि दोन्हींना प्रेक्षक.

आणखी एक उदाहरण. फेब्रुवारी-मार्च २०२२मध्ये दिल्ली सरकारने जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावर भव्य संगीत नाटक केलं. पूर्ण सरकारी खर्च, प्रवेश मोफत. लोक आले. त्यांतले कित्येकजण मंडी हाउसची पायरी कधी चढले नसतील. ते बाबासाहेबांसाठी आले. हे आपल्यासाठी आहे, असं त्यांना वाटलं म्हणून आले.

म्हणजे माणूस फुकट आहे म्हणून येतो असं नाही, आणि विकत आहे म्हणून येत नाही असंही नाही. रामलीलेची तारीख त्याला ठाऊक असते, जागा ठाऊक असते, आणि लहानपणी तो बापाच्या खांद्यावर बसून तिथे गेलेला असतो. त्याला आमंत्रण लागत नाही, कारण ती त्याची आहे. अनुदानाने हीच सवय लागत असेल, तर पैसा सत्कारणी लागला. नुसता दर शून्यावर आणला, तर सवय लागत नाही.

इंग्लंडमध्ये हे करून झालंय. २००९ साली तिथल्या सरकारी पैशातून सव्वीस वर्षांखालच्या मुलांना नाटकाची मोफत तिकिटं देण्याची योजना आली. दोन वर्षं चालली. जेवढी तिकिटं द्यायची ठरली होती, तेवढी घेतली गेली नाहीत. फुकट तिकीट हातात ठेवलं म्हणून न जाणारा जायला लागतो, असं तिथेही झालं नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे बघू, कारण तिथे सरकारी पैसा जरा वेगळ्या वाटेने गेला. एक, नाट्यगृहं. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली महापालिकेने बांधलं. ठाण्यात गडकरी रंगायतन पालिकेचंच. गावोगावी अशी नाट्यगृहं उभी राहिली. दोन, स्पर्धा. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. बँकेतला कारकून, शाळेतला मास्तर, गिरणीतला कामगार दिवसा नोकरी करून रात्री तालमी करायला लागला. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’सारखं नाटक १९६७ साली रंगायनने या स्पर्धेत आणलं. या स्पर्धेचं तिकीट अगदी नाममात्र असतं, पण असतं. तीन, कर. आजसुद्धा पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही. ही मर्यादा आधी अडीचशे होती, जानेवारी २०१८मध्ये पाचशे झाली. ही माफी सगळ्या देशासाठी आहे, पण तिचा खरा उपयोग तिकीट विकून नाटक करणाऱ्याला होतो, आणि तसे निर्माते आपल्याकडे जास्त. चार, व्यावसायिक नाटकाला राज्य सरकार जे अनुदान देतं, ते प्रयोगांशी जोडलेलं आहे. नाटक चालतं ठेवलं तर पैसे.

या चारही गोष्टींत एक साम्य आहे. सरकारने छप्पर दिलं, दिवे दिले, कर सोडला, नवशिक्याला संधी दिली. पण तिकीट खिडकी बंद केली नाही. शनिवारी सकाळी पेपरातली नाटकाची जाहिरात बघून दुपारच्या प्रयोगाला निघणारा माणूस त्यातून तयार झाला. तो माणूस कोणत्याही योजनेत लाभार्थी म्हणून नोंदलेला नाही. पण मराठी रंगभूमीची खरी ठेव तोच आहे.

महाराष्ट्रात सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. पालिकेच्या कितीतरी नाट्यगृहांत एसी बंद, ध्वनियंत्रणा बिघडलेली, आणि स्वच्छतागृहांबद्दल न बोललेलं बरं. स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत कधी कधी परीक्षक आणि पुढच्या संस्थेचे कलाकार एवढेच प्रेक्षक असतात. प्रेक्षक घरातून निघावा आणि पुन्हा यावा, यासाठी स्वच्छ नाट्यगृह हेही अनुदानच आहे. कदाचित सगळ्यात परिणामकारक.

इथे दिल्लीत आम्हा मराठी माणसांपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. मुंबईहून नाटक आणायचं म्हणजे चौदाशे किलोमीटर. नट, तंत्रज्ञ, नेपथ्य, राहणं, जेवणं, इथल्या सभागृहाचं भाडं. पहाडगंजातल्या महाराष्ट्र रंगायनपासून एनसीआरमधल्या छोट्या छोट्या मंडळांपर्यंत सगळ्यांना हे गणित माहीत आहे. एकट्या तिकिटावर हा खर्च निघत नाही. मग प्रायोजक शोधायचा, नाहीतर सरकारी मदत.

आमच्या भागातल्या एका मंडळाच्या दोन प्रयोगांचं सांगतो. पहिला प्रयोग पूर्ण प्रायोजित होता. अट एकच, प्रवेश मोफत, सगळे पास. पास दोन दिवसांत संपले. ज्यांना मिळाले नाहीत ते फोन करून हळहळले. प्रयोगाच्या दिवशी मी बाल्कनीतून बघत होतो. ज्यांच्या खिशात पास होते, त्यांतले निदान एक तृतीयांश लोक आलेच नव्हते. कोणाकडे पाहुणे आले, कोणाला रिंग रोडचा ट्रॅफिक नको होता. आणि ज्यांना खरंच यायचं होतं, त्यांना ‘पास संपले’ म्हणून आम्ही नकार दिलेला होता. फुकट पासाचं हे सगळ्यात मोठं नुकसान. कागदावर प्रयोग हाऊसफुल्ल होतो, आणि येणाऱ्याचा रस्ता न येणारा अडवून बसतो.

दुसऱ्या प्रयोगाला मदत मिळाली, पण ती प्रवासखर्चापुरती. तिकीट लावलं, विद्यार्थ्यांना पन्नास रुपयांत. तिकिटं सगळी खपली नाहीत. पण ज्यांनी घेतली ते जवळजवळ सगळे आले. दुपारीच फोन, ‘दादा, वेळेवर सुरू होणार ना?’ जेएनयूत शिकणारी पाच-सहा मुलं पन्नास-पन्नासची तिकिटं काढून आली, आणि नंतर शेवटची मेट्रो चुकेल म्हणून धावत सुटली. त्यांना तो पन्नास रुपयांचा दर परवडला, कारण प्रवासखर्च दुसऱ्याने उचलला होता. मदत होतीच, फक्त ती योग्य जागी बसली.

आता ज्यांना वाटतं की मग अनुदानच नको, त्यांच्यासाठी एक मुद्दा. १९६६ साली विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी नाटक-संगीताच्या अर्थशास्त्रावर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं आहे. कारखान्यात यंत्र आलं की त्याच कामाला कमी माणसं लागतात. पण चार वादकांनी वाजवायची रचना शंभर वर्षांनीही चौघांनाच वाजवावी लागते, तेवढाच वेळ. आपल्या भाषेत सांगायचं तर १८९९ सालच्या ‘संगीत शारदे’ला तेव्हा जितके नट लागले, तितकेच आजही लागणार. बाकी सगळ्या जगाचे पगार मात्र वाढत जातात, आणि नटालाही त्याच जगात घरभाडं भरायचं असतं. त्यामुळे नाटकाचा खर्च इतर वस्तूंपेक्षा कायम वेगाने वाढणार. तो सगळा तिकिटावर टाकला, तर नाटक फक्त श्रीमंतांचं उरेल. म्हणून मदत लागेलच, आजही आणि उद्याही.

मग मागायचं काय? चार गोष्टी सांगतो.

पहिली, अनुदान मिळालेल्या प्रत्येक प्रयोगाला तिकीट असावं. दहा रुपये का असेना. ज्याला तेही जड आहे त्याच्यासाठी वेगळ्या जागा ठेवा, सन्मानाने ठेवा. पण सरसकट पास वाटू नका.

दुसरी, एका नाटकाच्या एकाच प्रयोगाला पैसे देण्यापेक्षा त्याच नाटकाच्या दहा प्रयोगांना मदत करा. पहिल्या प्रयोगाला नातेवाईक येतात, दुसऱ्याला मित्र. अनोळखी प्रेक्षक यायला लागतो तो त्यानंतर. दिल्लीत कित्येक नाटकं त्याच्या आधीच संपतात.

तिसरी, मुलं. १९७७ साली किरण सेठ यांनी आयआयटी दिल्लीत स्पिक मॅके सुरू केलं. मोठमोठे गायक-वादक शाळा-कॉलेजांत जाऊन गातात, वाजवतात. ते मोफतच असतं, आणि तिथे मोफत असणं योग्य आहे, कारण तिथे खुर्ची भरायची नसते, कान तयार करायचे असतात. त्यातला एखादा पोरगा वीस वर्षांनी तिकीट काढतो.

चौथी, हिशेबात एक रकाना वाढवा. ‘प्रत्यक्ष उपस्थिती’. पास किती वाटले ते नको. किती माणसं आत आली ते लिहा. मात्र त्या आकड्यावरून अनुदान कापू नका, नाहीतर सगळे विनोदी नाटकंच करतील आणि उद्याचा अल्काझी उपाशी मरेल. फक्त लिहा. ज्या गोष्टीची नोंद होते, तिच्याकडे लक्ष जातं, एवढं मी माझ्या धंद्यात शिकलोय.

शेवटी आपल्याबद्दल. कर आपण भरतोच, ते सात पैसे आपलेच आहेत. पण खुर्ची सरकार भरू शकत नाही. पुढच्या वेळी कोणी पास देऊ केला आणि जायचं नसेल, तर लगेच परत करा. कोणीतरी दारात उभा असतो. आणि जायचं असेल, तर तिकीट मागा. नसेल तर ‘का नाही?’ असं विचारा.